कापडाचा तुकडा उलगडून पाहावा कसा

सुती कापड आटते, लोकर टोचते, रेशीम नाजूक असते, पॉलिएस्टरमध्ये उकडते, ही वाक्ये आपण इतक्या सहज बोलतो की त्यांपैकी एकही सरसकट खरे नाही हे ध्यानात येत नाही. झिरझिरीत मलमल, जाड जीन्स, पाणी टिपणारा टॉवेल आणि अंगाला चोपून बसणारा बनियन ही चारही कापडे कापसाचीच असतात, आणि तरीही त्यांच्यात साम्य शोधायला बसावे लागते. तंतू तोच असूनही फरक पडतो, कारण कापडाचा गुण चार ठिकाणी घडतो: तंतूमध्ये, त्या तंतूंना पीळ देऊन केलेल्या सुतामध्ये, सुताच्या विणीमध्ये आणि विणून झाल्यावर कापडावर होणाऱ्या फिनिशिंगमध्ये. एखादे कापड आटले, विटले, फाटले किंवा त्यावर गोळे आले, तर दोष या चारांपैकी नेमका कोणाचा हे ओळखता आले की कापड निवडणे, बेतणे आणि धुणे या तिन्ही गोष्टी बऱ्याच सोप्या होतात.

हे ओळखण्याची मला सर्वांत भरवशाची वाटलेली रीत म्हणजे कापड ज्या क्रमाने तयार होते त्याच्या उलट क्रमाने ते उलगडत जाणे. आधी फिनिशिंग धुऊन काढावे, मग वीण उसवावी, मग सुताचा पीळ सोडवावा आणि शेवटी तंतूला हात घालावा. यासाठी साधारण ३० सेंटिमीटर लांबीरुंदीचा तुकडा, एक भिंग, सुई, पट्टी, वाटीभर पाणी, धातूचा चिमटा, मेणबत्ती आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा एवढे पुरते. तयार कपडा तपासायचा असेल तर तुकडा कापता येत नाही. पण आतल्या दुमडीतून दोनचार धागे ओढून घेता येतात आणि त्यांवरून निम्म्याहून अधिक गोष्टी कळतात.

आधी फिनिशिंग उतरवावे

तुकड्याच्या चारही कडांना टीप घालून घ्यावी, म्हणजे धुताना धागे निसटणार नाहीत. नंतर त्यावर २० सेंटिमीटरचा चौकोन रंगीत दोऱ्याच्या टाक्यांनी आखावा. पेनाने आखलेली रेघ धुण्यात पुसट होते किंवा पसरते, आणि मग मिलिमीटरचा हिशेब करता येत नाही. आता पूर्ण तुकड्याचे वजन करून ते लिहून ठेवावे. त्याच कापडाचा १० सेंटिमीटर लांबीरुंदीचा वेगळा तुकडा मिळत असेल तर त्याचे ग्रॅममधील वजन १०० ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे कापडाचे प्रति चौरस मीटर वजन, ज्याला व्यवहारात जीएसएम म्हणतात. हलक्या शर्टाचे कापड १०० ते १३० जीएसएमच्या आसपास असते, टी-शर्टचे बहुधा १४० ते १८०, तर जीन्सचे ३५० ते ४५०. हा आकडा दर्जा सांगत नाही, फक्त जाडीभरडीचा अंदाज देतो. पण तो घेतला नाही तर 'भरदार' या शब्दाला काही अर्थच राहत नाही.

धुण्यापूर्वी कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून काळ्या कागदावर जोराने चोळावे. पांढरी भुकटी पडली तर कापडात खळ भरलेली आहे असे समजावे. खळीचे काम मुळात विणकामाच्या वेळचे असते. मागावर ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीकडे जाणारे उभे, धागे फणीतून हजारो वेळा घासले जातात, त्यामुळे त्यांचे तंतू उसकटू नयेत म्हणून विणण्यापूर्वी त्यांना खळ देतात आणि विणून झाल्यावर ती धुऊन काढतात. पुढे कापडाला 'अंग' यावे म्हणून पुन्हा खळ भरण्याची पद्धतही आहे, आणि विरळ विणलेले कापड घट्ट भासवण्याचा तो स्वस्त उपाय आहे.

आता तुकडा तो कपडा पुढे ज्या पद्धतीने धुतला जाणार आहे त्याच पद्धतीने धुऊन वाळवावा. वाळल्यावर लगेच नव्हे, तर आधीच्याइतक्याच हवेत काही तास ठेवून त्याचे वजन करावे, कारण कापसासारखा तंतू हवेतला ओलावाही धरून ठेवतो आणि दमट दिवशी काटा जास्तच दाखवतो. वजन लक्षणीय घटले आणि कापड मऊ पडले, तर आपण ज्याला कापडाचा कस समजत होतो ती खळ होती. इथे एक चूक टाळावी. धुतल्यानंतर नवा १० सेंटिमीटरचा तुकडा कापून जीएसएम काढला तर तो उलट वाढलेलाही दिसू शकतो, कारण कापड आटून दाट झालेले असते. म्हणून तुलना त्याच पूर्ण तुकड्याच्या वजनाची करावी.

आता टाक्यांचा चौकोन मोजावा. २० सेंटिमीटरचे १९ झाले असतील तर कापड ५ टक्के आटले. लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजावी. बहुतेक विणलेल्या कापडांत लांबीकडचे आटणे अधिक असते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कापसाचा तंतू पाण्यात आखूड होत नाही, तो फुगतो. तंतू फुगले की सूत जाड होते, आणि एकमेकांच्या वरखालून जाणाऱ्या धाग्यांना त्या जाड झालेल्या सुताला वळसा घालण्यासाठी अधिक लांबी लागते. ती लांबी बाहेरून मिळत नसल्याने धागे एकमेकांना जवळ ओढतात आणि कापड आत येते. शिवाय विणताना आणि नंतरच्या प्रक्रियांत कापड सतत लांबीकडे ताणलेले असते; पाणी तो ताण सोडवते. म्हणजे सुती कापड आटण्याचा दोष पुष्कळसा ताणाचा आणि विणीचा आहे, कापसाच्या लांबीचा नाही. १९३० मध्ये सॅनफर्ड क्लुएट यांनी शोधलेल्या सॅनफोरायझिंगच्या प्रक्रियेत हेच ओळखून कापड ओलसर करून, जाड रबरी पट्ट्याच्या साहाय्याने लांबीकडे आधीच दाबून आणले जाते. जे आटणे घरी व्हायचे ते कारखान्यातच होऊन जाते.

एका धुण्यावर मात्र थांबू नये. निटेड, म्हणजे बनियन आणि टी-शर्टसारखे फाशांत गुंफलेले, कापड दुसऱ्या आणि तिसऱ्या धुण्यातही थोडे थोडे आटत राहते, म्हणून त्याच्या बाबतीत तीनदा धुऊनच मोजमाप पक्के करावे.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा सर्वांना माहीत असते, पण तिचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. थेंब कापडावर मोत्यासारखा उभा राहिला म्हणजे ते कापड कृत्रिमच, असे नव्हे. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि तो पाणी आत शिरू देत नाही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून तो काढल्यावरच कापूस पाणी पिऊ लागतो. नव्या टॉवेलने अंग कोरडे होत नाही याचेही कारण त्याला दिलेले मऊपणाचे फिनिश हेच असते. म्हणून ही परीक्षा तीन धुण्यांनंतर घ्यावी. सुरकुती न पडणाऱ्या सुती शर्टांवरचे राळेसारखे फिनिश मात्र अशा धुण्याने जात नाही. ते तंतूच्या आत रेणूंना एकमेकांशी बांधून ठेवते, त्यामुळे घडी मोडत नाही. पण तंतूची लवचीकता आणि मजबुती कमी होते, आणि असा शर्ट कॉलरच्या व कफांच्या धारेवर लवकर झिजतो.

वीण उसवताना

प्रथम ताणा कोणता आणि बाणा, म्हणजे रुंदीकडे जाणारे आडवे धागे, कोणता हे ठरवावे. कापडाला काठ असेल तर काठाला समांतर जाणारे धागे ताण्याचे. काठ नसेल तर कापड दोन्ही हातांत धरून आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने झटका द्यावा. ताण्याच्या दिशेने ते कमी ताणले जाते आणि आवाज तीक्ष्ण येतो, बाण्याच्या दिशेने आवाज बोदा येतो. भिंगातून पाहिले तर ताण्याचे धागे बहुधा अधिक सरळ, अधिक पिळाचे आणि एकमेकांच्या जवळ दिसतात.

यानंतर कडेची टीप काढून सुईने एकेक धागा सोडवत जावे आणि तो कितीच्या वरून व कितीच्या खालून जातो हे मोजावे. एकावर एक आणि एकाखाली एक अशी वीण असेल तर ती साधी वीण. तिच्यात धागे सर्वाधिक ठिकाणी एकमेकांना अडवतात, म्हणून कापड जागचे हलत नाही, पण चुरगळलेलेही सरळ होत नाही. ट्विल विणीत धागा दोन किंवा तीन धाग्यांवरून उडी मारतो आणि प्रत्येक ओळीत ती उडी एका घराने सरकते, म्हणून कापडावर तिरप्या रेषा दिसतात. अडवणुकीच्या जागा कमी झाल्याने तेवढ्याच जागेत जास्त धागे ठासता येतात आणि कापड जड, मजबूत, तरीही वाकणारे होते. जीन्सचे कापड हे याचे रोजच्या वापरातील उदाहरण. त्यात निळा ताणा पांढऱ्या बाण्याच्या तिघांवरून आणि एकाखालून जातो, म्हणून बाहेरची बाजू निळी आणि आतली पांढुरकी दिसते. निळीचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोचलेला नसतो, त्यामुळे गुडघ्यावर सूत घासले की पांढरा गाभा उघडा पडतो. जीन्स विटते ती अशी. रंग कच्चा असतो म्हणून नव्हे.

साटीन हे विणीचे नाव आहे, तंतूचे नाही, आणि हा गैरसमज इतका खोलवर रुजलेला आहे की तो मुद्दाम सांगावा लागतो. साटीनमध्ये धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा धावतो, प्रकाश अडथळ्याविना परावर्तित होतो आणि चमक येते. ती रेशमातही येते, कापसातही आणि पॉलिएस्टरमध्येही. जो मोकळा धागा चमक देतो तोच नखात, अंगठीत आणि घड्याळाच्या पट्ट्यात अडकतो. म्हणून रोज घासल्या जाणाऱ्या कपड्यासाठी साटीन घेणे, तंतू कितीही उंची असला तरी, शहाणपणाचे नाही.

धागा सोडवताना तो आडवा-उभा न निघता फाशांच्या माळेसारखा उलगडत गेला तर ते निटेड कापड. त्यात एकच सूत फाशातून फासा काढत पुढे जाते. ओढ दिली की फासे आकार बदलतात, म्हणून रबरासारखा तंतू अजिबात नसतानाही कापड ताणले जाते. साध्या जर्सी कापडाचा तुकडा कापून टेबलावर ठेवला की त्याच्या बाजूच्या कडा उलट्या अंगाकडे गुंडाळतात आणि वरच्या-खालच्या कडा सुलट्या अंगाकडे. ओळखीसाठी एवढी एकच खूण पुरेशी आहे.

बेतण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची दिशा तिसरीच असते. ताणा आणि बाणा यांच्या मधोमध, ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत, म्हणजे उरेब दिशेने ओढल्यास विणलेले कापडही ताणले जाते, कारण तिथे धागा लांबत नसून चौकटीचा कोन बदलत असतो. म्हणून गळपट्टी आणि वळणावरच्या पट्ट्या उरेब कापतात, तर पायजमा, पँट किंवा बाही यांची मधली रेषा ताण्याला समांतर ठेवतात. कापड वाचवण्यासाठी ही रेषा थोडी तिरपी केली तर शिवताना काही कळत नाही, पण दोन धुण्यांनंतर पायाची शिवण नडगीवरून पुढे वळून येते. टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर सरकते तेव्हा मात्र दोष बहुधा बेतणाऱ्याचा नसतो. तो सुतात शिल्लक राहिलेल्या पिळाचा असतो. ते सूत उलगडू पाहते आणि प्रत्येक फासा एका बाजूला कलंडतो.

सुताचा पीळ

आता कापडातून ओढलेला १० सेंटिमीटरचा एक धागा घेऊन खिडकीपाशी बसावे. दोन्ही टोके चिमटीत धरून एक टोक स्थिर ठेवावे आणि दुसरे पिळाच्या उलट दिशेने फिरवावे. काही फेऱ्यांत धागा फुगतो, त्याचे तंतू समांतर होतात, आणि मग हळूच ओढले की तो तुटत नाही. नुसता विरघळल्यासारखा दोन भागांत सरकून वेगळा होतो. दोन्ही टोकांना पिसासारखे केस उरतात. तंतूंना एकत्र ठेवणारी गोष्ट गोंद नव्हे, पीळ आणि त्यातून निर्माण होणारे घर्षण आहे, हे हाताला त्या क्षणी जसे कळते तसे वाचून कळत नाही. धागा असा सरकून सुटला तर तो आखूड तंतूंचा आहे. पीळ सोडल्यावर लांबच लांब गुळगुळीत तंतू समांतर पडून राहिले आणि एकही मध्ये संपला नाही, तर तो अखंड तंतूंचा आहे: रेशीम, किंवा पॉलिएस्टर, नायलॉन, व्हिस्कोज यांचा फिलामेंट धागा. उलगडताना आधी दोन वेगळे पदर सुटले तर ते दुपदरी सूत. ते एकपदरीपेक्षा एकसारखे आणि मजबूत असते.

कापसाचे सूत होण्यापूर्वी बोंडातल्या कापसातून सरकी वेगळी करतात, गाठी फोडून कापूस मोकळा करतात, काटेरी रुळांवर पिंजतात, येणाऱ्या सैल पेळूला पुन:पुन्हा ओढून तंतू सरळ करतात आणि शेवटी चातीवर त्याला बारीक करत पीळ देतात. उंची सुतासाठी मध्ये विंचरण्याची पायरी असते. तिच्यात आखूड तंतू काढून टाकले जातात आणि कापसाचा बराचसा भाग, काही वेळा पाचवा हिस्सादेखील, बाजूला पडतो. कोम्ब्ड सूत महाग पडते ते यामुळे. फरक पाहायचा असेल तर धागा काळ्या कापडावर ठेवून भिंगातून पाहावा: विंचरलेल्या सुताच्या अंगावर केस कमी आणि जाडी एकसारखी दिसते, नुसत्या पिंजलेल्या सुताला सगळीकडून केसाळ टोके दिसतात.

सुताचा नंबर वाचताना एक उलटापालट लक्षात ठेवावी. कापसाच्या इंग्रजी पद्धतीत एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा म्हणजे नंबर. ४० नंबरच्या सुताच्या ४० लडी, म्हणजे ३३,६०० वार सूत एका पौंडात मावते. नंबर जितका मोठा तितके सूत तलम. डेनियरमध्ये मात्र ९,००० मीटर धाग्याचे आणि टेक्समध्ये १,००० मीटरचे ग्रॅममधील वजन मोजतात, म्हणून तिथे आकडा मोठा तितका धागा जाड.

गोळे येण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी इथेच सुटतो. कमी पिळाचे सूत हाताला मऊ लागते, पण त्यातली आखूड टोके घासून वर येतात आणि एकमेकांत गुरफटतात. शुद्ध सुती कापडावरही गोळे येतात, मात्र कापसाचा तंतू तुटून ते गळून पडतात. मिश्रणात पॉलिएस्टर असेल तर त्याचा चिवट तंतू गोळ्याला कापडाशी बांधून ठेवतो, आणि कपडा झिजण्याच्या आधीच जुनाट दिसू लागतो. दुकानात हात लावताच विलक्षण मऊ लागणाऱ्या कापडाकडे मी यासाठी थोड्या संशयाने पाहतो.

अखेर तंतू

ज्वलनाची परीक्षा उपयोगी आहे, पण ती धाग्यांवर करावी, कापडावर नव्हे. जवळपास काहीही पेटण्याजोगे नसलेल्या जागी, धातूच्या थाळीवर, पाणी हाताशी ठेवून आणि मुलांना दूर ठेवून चारपाच धाग्यांची जुडी चिमट्याने ज्योतीच्या बाजूने हळूच जवळ न्यावी. वितळलेल्या कृत्रिम तंतूचा थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो, म्हणून धागे बोटांनी कधीही धरू नयेत. ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगवेगळे जाळावेत, कारण दोन्ही एकाच तंतूचे असतील असे नाही.

कापूस, लिनन, ताग आणि व्हिस्कोज पटकन पेट घेतात, ज्योत काढल्यावरही धुमसत राहतात, जळलेल्या कागदाचा वास येतो आणि हलकी राख उरते. लोकर आणि रेशीम ज्योतीपासून आक्रसतात, रेंगाळत जळतात, ज्योत काढली की बहुधा विझतात आणि जळलेल्या केसांचा वास देतात. उरलेला काळा मणी बोटांनी चुरडला जातो. पॉलिएस्टर आणि नायलॉन आधी मागे सरतात, वितळतात आणि थंड झाल्यावर न चुरडणारा टणक मणी मागे ठेवतात. पॉलिएस्टरचा धूर काळा असतो. राखही आली आणि टणक मणीही आला तर कापड मिश्रणाचे आहे.

कापूस आणि व्हिस्कोज या परीक्षेत सारखेच दिसतात, कारण दोन्ही सेल्युलोजच आहेत. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ मध्ये लाकडातले सेल्युलोज विरघळवून पुन्हा तंतूरूपात आणण्याची व्हिस्कोजची पद्धत शोधली. त्यांना वेगळे करण्यासाठी ज्योतीपेक्षा पाणी बरे. एक धागा कोरडा ओढून तोडावा, दुसरा मध्यभागी जिभेने किंवा थेंबाने ओला करून ओढावा. कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, म्हणून तो बहुधा कोरड्या भागात तुटतो. साध्या व्हिस्कोजची मजबुती ओलेपणी जवळजवळ निम्म्यावर येते, आणि धागा नेमका ओल्या जागी, फारसा विरोध न करता सुटतो. व्हिस्कोजचा कपडा पिळून काढू नये, भिजलेला निटेड कपडा दोरीवर टांगू नये, ही सूचना कुठून आली हे या एका धाग्यावरून कळते.

तंतू हवेतला किती ओलावा धरतात हेही जाणून घ्यावे. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना कोरड्या वजनाच्या तुलनेत कापूस साधारण ८, रेशीम ११, लिनन १२, व्हिस्कोज १३ आणि लोकर १६ टक्के ओलावा धरते. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्के. पॉलिएस्टरमध्ये उकडते ते यामुळे, त्यात वीज साठून कपडा अंगाला चिकटतो तेही यामुळे, आणि तेलकट डाग त्याला सोडत नाहीत तेही. तरीही खेळाडूंचे कपडे पॉलिएस्टरचेच असतात. तिथे तंतू घाम पीत नाही, पण बारीक तंतूंमधल्या फटींतून घाम कापडाच्या बाहेरच्या अंगावर पसरतो आणि झटकन उडून जातो. ही करामत तंतूची नाही, सुताची आणि विणीची आहे.

लोकरीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. तिच्या तंतूवर एकाच दिशेने वळलेले खवले असतात आणि तंतू स्वतः नागमोडी असतो. नागमोडीत हवा अडकते, म्हणून ऊब मिळते. खवल्यांमुळे तंतू एका दिशेने सरकतो, उलट्या दिशेने सरकत नाही. म्हणून ऊन पाणी, साबण आणि घुसळण ही तिन्ही एकत्र आली की तंतू एकमेकांत शिरत जातात आणि परत येत नाहीत. माझ्या हातून एक स्वेटर असाच गेला. तो चुकून जीन्सबरोबर मशीनमध्ये पडला आणि बाहेर आला तेव्हा विणीचा एकही फासा दिसत नव्हता. लहान मुलाला होईल एवढ्या मापाचा, जाड नमदा झाला होता. हे सुती कापडाच्या आटण्यापेक्षा वेगळे आहे: सुती कापड थोडेफार ओढून परत आणता येते, नमदा झालेली लोकर येत नाही. लोकर टोचते की नाही हे तंतूच्या जाडीवर ठरते. साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचे टोक त्वचेवर टेकले की वाकत नाही, रुतते. मेरिनोचा बारीक तंतू वाकतो.

रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटर, कधी हजाराहूनही अधिक मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो आणि तो वजनाच्या पाव हिश्शापर्यंत भरतो. तो उकळून काढल्यावर आतल्या त्रिकोणी छेदाच्या तंतूची चमक दिसते. ओढून पाहिले तर रेशीम मुळीच नाजूक नाही. त्याचे शत्रू ऊन, घाम आणि तीव्र साबण. लिननचा तंतू जवसाच्या खोडातून, खोड कुजवून काढतात. तो मजबूत पण ताठ असतो, दोनतीन टक्क्यांपेक्षा अधिक ताणला जात नाही, म्हणून चुरगळतो, आणि त्याला इलाज नाही.

धुण्याच्या आणि इस्त्रीच्या वेळी

वरची उलगड एकदा केली की काळजीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. रसायन आणि उष्णता यांचा प्रश्न तंतूला विचारावा. ओढ, पिळणे आणि घासणे यांचा प्रश्न सुताला आणि विणीला विचारावा. क्लोरीनचे ब्लीच पांढऱ्या कापसाला मर्यादेत चालते, पण लोकर आणि रेशीम ही प्रथिने असल्याने ती त्यात अक्षरशः विरघळतात. प्रथिनांचे डाग फोडणारी एन्झाइमयुक्त डिटर्जंटही याच कारणाने त्यांच्यासाठी टाळावीत. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा तंतू कपड्यात दोन ते पाच टक्केच असतो, पण क्लोरीन आणि उष्णता यांनी तो निकामी झाला की ९५ टक्के कापूस शाबूत असूनही गुडघे आणि कोपरे सैल पडतात. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण ११०, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस. मिश्रणात इस्त्री नेहमी सर्वांत हळव्या तंतूच्या मापाने तापवावी. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळते हे खरे, परंतु त्याच्या कितीतरी आधी, ७० ते ८० अंशांपासूनच, ते आकार धरू लागते. म्हणून त्याच्या चुण्या एकदा उष्णतेने बसवल्या की वर्षानुवर्षे टिकतात, आणि खूप गरम पाण्यात धुऊन कोंबून ठेवलेल्या कपड्याच्या सुरकुत्याही तशाच टिकतात.

शिवायला बसण्यापूर्वी मुख्य कापडाबरोबर अस्तर, नाडी, कॉलरच्या आतले कापड आणि वरून लावायची पट्टी हे सारे त्याच पद्धतीने धुऊन घ्यावे. बाहेरचे कापड २ टक्के आटणारे आणि अस्तर ५ टक्के आटणारे असेल, तर एक मीटर लांबीत ३ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि पहिल्याच धुण्यानंतर कपड्याचा घेर खालून आत ओढला जातो. चेनची पट्टी बहुधा पॉलिएस्टरची असते आणि मुळीच आटत नाही, म्हणून न धुतलेल्या सुती कापडावर ती लावली की तिच्या दोन्ही बाजूंचे कापड आखूड होते आणि पट्टी लाटेसारखी वरखाली होऊन बसते. तसे झालेच तर इस्त्रीने ती सपाट करण्याच्या फंदात पडू नये. चेन उसवून काढावी, कपडा पुन्हा एकदा धुऊन वाळवावा आणि मगच ती नव्याने बसवावी.